एनॉस टटलच्या नावाने तीन हाका

हार्लो टेकडी, १९ नोव्हेंबर १७८७

डॉर्कस,

हरलो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र उघडून तुला शेवटच्या ओळीकडे पळायला नको. जिल्ह्याच्या कोर्टाने खालचं कुरण थर्लोला दिलं.

तू विचारलं होतंस, भांडण नक्की कशाचं. ओढ्याचं. कागदात लिहिलंय की आमची जमीन ओढ्यापर्यंत, आणि एसा थर्लोची पलीकडून ओढ्यापर्यंत. मग तो मोठा पूर आला आणि ओढा आमच्या बाजूला येऊन वाहायला लागला. कुरण राहिलं पलीकडे. आता कायदा असा की ओढ्याने एका रात्रीत उडी मारली असेल तर हद्द जुन्याच जागी, म्हणजे कुरण आमचं. आणि हळूहळू सरकला असेल तर हद्दही त्याच्या मागे चालत जाते, म्हणजे कुरण थर्लोचं. मी आणि एनॉसने डोळ्यांनी पाहिलाय तो फुटताना. पण आपल्याच दाव्यात आपल्याला साक्ष देता येत नाही. थर्लोलाही नाही. ज्यांनी ओढा पाहिला ते गप्प, आणि ज्यांनी पाहिला नाही ते बारा जण बाकावर बसून ठरवणार. ठरवलं. सरकला म्हणे.

कोर्टात गेलो ते तिघं एकाच गाडीतून. बैल आमचे, गाडी थर्लोची, तुला माहीतच आहे. निकाल झाल्यावर एनॉस पायरीवर बसून राहिला. थर्लो आला आणि म्हणाला, "टटल, ऊठ. बैल गारठलेत."

"बैल माझे आहेत. गारठू देत."

"गाडी माझी आहे. मला घरी जायचंय."

"मग ओढ तूच."

शेवटी मीच दोघांना म्हटलं, बसा नाहीतर मी एकटी जाते. सबंध वाटेत एनॉस खोकत होता.

त्याने अपील केलंय. वरचं कोर्ट मार्चमध्ये तुमच्या थॉर्नबरोला येतं ना? वकील लूमिस तुझ्या खाणावळीत जेवतो म्हणतेस, तर पुढे काय काय करावं लागतं ते त्याला विचार. फुकटचं जेवू नको घालूस, पण दोन घास जास्त वाढ. कुरण गेलं तर गवत गेलं, आणि गवत गेलं तर गाई विकायच्या. गाई विकून या टेकडीवर काय करायचं ते मला माहीत नाही.

केझाया

*

थॉर्नबरो, ८ डिसेंबर १७८७

ताई गं,

तुझं पत्र मीठवाल्याने आणून दिलं. वाचून रडले आणि मग मक्याच्या पिठाचा केक करपला, सगळे पाहुणे बोलले.

लूमिसना विचारलं. भला माणूस आहे, पण तोंडात घास असतानाच बोलतो, त्यामुळे अर्धं कळतं. तर ऐक. वरच्या कोर्टात सगळं पहिल्यापासून होतं. नवे बारा जण, नवी सुनावणी, खाली काय ठरलं ते कुणी विचारत नाही. म्हणून धीर सोडू नका. वकीलपत्र त्यांनी घेतलंय. न्यायाधीश मार्चमध्ये घोड्यावरून येतील, रस्ता असला तर.

मात्र एक आहे. अपील करणारा माणूस जिवंत पाहिजे. हसू नकोस, खरंच असा नियम आहे. मध्येच मेला तर अपील त्याच्याबरोबर जातं आणि खालचा निकाल कायम होतो. नदीपलीकडचा एक म्हातारा कोर्ट बसायच्या आदल्या दिवशी गेला, आणि त्याच्या बायकोला घर सोडावं लागलं. लूमिस म्हणाले, "तुमच्या भावोजींना सांगा, मार्चपर्यंत फ्लॅनेल अंगावर असू दे, मग काय ते करा." सगळे हसले. मीही हसले. पण ताई, फ्लॅनेल खरंच घालायला लाव. छातीला हंसाची चरबी चोळ. सोबत कांद्याचं औषध पाठवतेय, वास येतो पण घशाखाली उतरतं.

भावोजींना नमस्कार सांग. आणि थर्लोशी बोलणं टाकू नका. टेकडीवर तुम्ही दोनच घरं.

तुझी डॉर्कस

*

हार्लो टेकडी, २९ जानेवारी १७८८

डॉर्कस,

औषध पोचलं. उपयोग झाला नाही.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं होतं. फ्लॅनेलचं ऐकून तो हसला. म्हणाला, "म्हणजे मार्चपर्यंत मरायची परवानगी नाही तर." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बघतो."

जमलं नाही. या महिन्याच्या सतराव्या तारखेला सकाळी गेला. मी लापशी ढवळत होते. मागे वळले तर गेला होता. लापशी खाली लागली, ती काढून टाकली, भांडं घासलं. मग त्याच्याकडे गेले. असंच झालं, काय करू. वेगळं काही सुचलं नाही.

बर्फ खिडकीच्या वर आहे. जमीन लोखंडासारखी झाली आहे, कुदळ मारली तर ठिणगी उडते. वितळेपर्यंत पुरता येणार नाही. आपल्या आजोबांना नाही का आपण तसंच ठेवलं होतं. मी त्याला गोधडीत शिवला आणि घसरगाडीवरून गोठ्यात नेला. गोठ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, गवताच्या बाजूला, फळ्यांवर ठेवलाय. गाई पहिले दोन दिवस फुरफुरल्या, आता सवय झाली.

कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला आहे तरी कोण? धर्मगुरूंपर्यंतची वाट बंद आहे. मीठवाला तेवढा बर्फावरून पायी येतो, हे पत्र त्याच्याकडे देते, पण त्यालाही काही सांगितलेलं नाही. थर्लो पंचवीस तारखेला काठी टेकत दारापर्यंत आला होता. विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, झोपलाय. गेला तो.

तू पण सांगायचं नाहीस. लूमिसला तर अजिबात नाही. कोर्ट मार्चमध्ये आहे. तोपर्यंत एनॉस टटल आजारी आहे आणि घरी आहे, बस.

मी बरी आहे. रडू नकोस. रडलीस तर त्याबद्दल लिहू नकोस.

केझाया

*

थॉर्नबरो, १६ फेब्रुवारी १७८८

ताई,

नाही लिहीत त्याबद्दल.

पण हे मला जमणार नाही गं. लूमिस रोज जेवताना विचारतात, "टटल काय म्हणतात?" काल मी म्हटलं, काही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "शांत माणूस आहे, कोर्टात चांगला दिसेल." मी सूप आणायला आत गेले ती बाहेरच आले नाही. मोलकरणीला वाटलं मला घेरी आली.

ताई, हे पाप नाही का? मला खरंच विचारायचंय. मी खोटं बोललेली नाही अजून, पण खोट्याच्या उंबऱ्यावर तर उभी आहे. आणि तू तिथे एकटी, त्याच्यासोबत. खातेस का? रात्री आग तेवत ठेवतेस ना? रस्ता उघडला की इथे ये. गाईंना थर्लो बघेल.

काहीतरी लिही. दोन ओळी लिही. भावोजी गेले हे तू मला ज्या अक्षरात लिहिलंस ना, त्याच अक्षरात तू दर वर्षी मला साबणाची कृती लिहून पाठवतेस. ते बघून मला जास्त भीती वाटली.

डॉर्कस

*

हार्लो टेकडी, ६ मार्च १७८८

डॉर्कस,

खाते. आग तेवत असते. पाप असेल तर असू दे, माझ्या खात्यावर टाक.

दुसरं सांगायचंय. थर्लोला कळलं.

मेपलच्या झाडांना साखरेचा रस सुटायला लागलाय. घसरगाडी आमच्या दोघांत एकच, ती रस वाहायला न्यायला तो आला. मी अंगणात लाकडं फोडत होते. तो सरळ गोठ्यात शिरला, नेहमीसारखा. मी हाकही मारली नाही. कुऱ्हाड हातात तशीच धरून उभी राहिले. मग बाहेर आला तो टोपी हातात घेऊन. एवढ्या थंडीत डोकं उघडं.

"कधी?"

"जानेवारीत."

"मी आलो होतो तेव्हा?"

"तेव्हाही."

"झोपलाय म्हणालात, बाई."

"मग काय सांगायचं होतं? तुम्हाला? तुमच्या वकिलाला निरोप द्यायला?"

तो ओढ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "एकटीने नेलात त्याला? गोठ्यापर्यंत?"

"घसरगाडीवरून."

"तो जड होता."

"होता."

मग मीच विचारलं, कोर्टात सांगणार का. घोळवत बसले नाही. तो म्हणाला, "खोटं मी बोलणार नाही, केझायाबाई. विचारलं तर काय ते सांगेन."

"सांगा मग."

"मला कुरण पाहिजे आहे. ते माझं आहे असं मला वाटतं. माझ्या काठाने तो ओढा सरकताना मी रोज बघितलाय."

"आणि आम्ही तो उडी मारताना बघितलाय."

"ते एनॉस मला नेहमी सांगायचा," असं म्हणून त्याने टोपी घातली. घसरगाडी न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी नव्या पाइनच्या फळ्या ठेवलेल्या होत्या. पेटीसाठी. कुरणावर दावा लावलेल्या माणसाच्या फळ्या. मी त्या आत घेतल्या. फळ्या चांगल्या आहेत.

तर आता असं आहे. तो कोर्टात जाईल, एक शब्द बोलेल, आणि अपील संपेल. तू काही करू नकोस. मला भीती वाटत नाही. मला सध्या काहीच वाटत नाही. हाताला थंडी लागते तेवढी कळते.

के.

*

थॉर्नबरो, २७ मार्च १७८८

ताई गं,

काल झालं. मी मागच्या बाकावर बसले होते. सगळं सांगते, जसं झालं तसं.

नाव निघालं तसा पुकारा करणारा शिपाई दारात गेला आणि बाहेर रस्त्याकडे तोंड करून ओरडला, "एनॉस टटल, पुढे या आणि आपलं अपील चालवा!" तीनदा ओरडतात ताई, ही पद्धतच आहे. एकदा ओरडला, थांबला. परत ओरडला, थांबला. रस्त्यावरचे लोक इकडेतिकडे बघायला लागले, कोण टटल म्हणून. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा मी शालीचं टोक तोंडात कोंबलं.

लूमिस उठले आणि म्हणाले की टटलांच्या वतीने मी हजर आहे. न्यायाधीशांनी विचारलं, स्वतः का आले नाहीत. लूमिस म्हणाले, प्रकृती बरी नाही. त्यांना तेवढंच माहीत. मग न्यायाधीश थर्लोकडे वळले. "तुम्ही शेजारी ना? खरं का हे?"

थर्लो उठला. टोपी अशी पिळत होता, जशी काही धुतलीय. म्हणाला, "मी त्याला या महिन्यात बघितलंय, साहेब. त्याला येता येण्यासारखं नाही. माझी हरकत नाही. त्याचं म्हणणं ऐकलं जावं." त्याचा वकील त्याला खाली ओढत होता, तरी एवढं बोलूनच बसला.

ऐकलं गेलं. दिवसभर चाललं. लूमिस छान बोलले. आणि ताई, हरलो आपण. परत तेच, सरकला. थर्लो माझ्यासमोरून गेला पण माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचं आता. जेवायला लूमिस आले, चेहरा पाडून म्हणाले, "टटलना कळवताना वाईट वाटतंय." आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. मला माफ कर. वाटलं आता लपवण्यासारखं उरलंय काय?

तर ते चमचा टाकून उभेच राहिले! मेलेल्या माणसाविरुद्ध दिलेला निकाल हा निकालच नाही म्हणे. चुकीचा ठरतो, रद्द होतो, कोर्टाला परत उघडावं लागतं, आणि आता विधवा म्हणून तुझ्या नावाने. थर्लोने स्वतःच 'हरकत नाही' म्हटलं, त्यामुळे अपील माणसाबरोबर गेलं असं त्याला आता म्हणता येत नाही. आणि थर्लोला माहीत असून त्याने सांगितलं नाही, हे तर त्याच्या फारच अंगाशी येईल. "त्याने तोंड उघडलं असतं तर तो तिथेच जिंकला असता," लूमिस हात चोळत म्हणाले. "आता त्याच्या गप्प बसण्यानेच त्याला हरवता येईल." फक्त मृत्यूची तारीख सिद्ध व्हायला पाहिजे. सतरा जानेवारी. त्यासाठी दगडसुद्धा चालेल म्हणतात, थडग्याचा. तारीख कोरलेला.

दगडवाल्याला सांगून ठेवलंय. काय कोरायचं ते कळव. आणि लूमिसना काय सांगू तेही.

तुझी डॉर्कस

*

हार्लो टेकडी, ४ मे १७८८

डॉर्कस,

जमीन मऊ झाली. परवा पुरला.

ओढ्याच्या आमच्या बाजूला, कुरण दिसतं त्या उंचवट्यावर, सफरचंदाच्या झाडाशी. ती जागा आमची आहे, त्यावर कुणाचा वाद नाही. खड्डा थर्लोने खणला. मी बोलावलं नव्हतं. सकाळी उठले तर कमरेपर्यंत खड्ड्यात उभा होता. मीही फावडं घेऊन उतरले. दोघांनी खणलं. धर्मगुरू येऊन प्रार्थना करून गेले. त्यांना मी खरी तारीख सांगितली. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त माती टाकताना माझ्याकडे दोनदा बघितलं.

ते गेल्यावर आम्ही ओल्या मातीवर बसलो होतो. मी थर्लोला लूमिसचं सगळं वाचून दाखवलं. तुझंच पत्र, जसंच्या तसं. हात चोळत म्हणाले, तेसुद्धा.

तो ऐकून म्हणाला, "हे मला माझ्या वकिलाने सांगितलं नव्हतं."

"सांगितलं असतं तर बोलला असतात?"

तो चिखल काढत होता बुटाचा. मग म्हणाला, "तो अख्खा हिवाळा त्या दिवसाची वाट बघत बसला होता. हाका मारल्या त्याला, ऐकल्या मी. मेला म्हणून सांगून त्याला परत पाठवायचं? मला नाही जमलं. आणि मला वाटलं होतं मी तसाही जिंकेन." मग म्हणाला, "जिंकलोही."

"जिंकलात."

"दगडावर काय घालणार?"

"तो गेला ती तारीख."

"घाला," म्हणाला. "खरी असेल ती घालायलाच पाहिजे." उठला, दोन्ही फावडी ओढ्यात धुतली, माझं माझ्या दाराशी ठेवून गेला.

तर दगडवाल्याला सांग, एनॉस टटल, मृत्यू १७ जानेवारी १७८८. देवदूत नको, कवटी नको, कविता नको. अक्षर खोल काढ म्हणावं.

आणि लूमिसला सांग, नाही. तो चिडेल, चिडू दे. मी काही थर्लोवर उपकार करत नाहीये. कुरण आमचं आहे हे मी आजही म्हणते, त्याच्या तोंडावर म्हणते. पण परत बारा माणसं, परत तोच ओढा, आणि परत कोणीतरी दारात उभं राहून त्याच्या नावाने ओरडणार. तू लिहिलेलं ते मी एकदाच वाचलं, परत वाचलं नाही. त्या दिवशी मी काय करत होते ते आठवून बघितलं. गोठ्यात होते, दूध काढत होते. तो तिथेच होता फळ्यांवर. त्याला तिकडे तीनदा हाका मारल्या आणि तो उठला नाही.

कोर्टासाठी मी त्याला दोन महिने जास्त जगवला. आता जाऊ दे त्याला.

केझाया

*

थॉर्नबरो, १४ जून १७८८

ताई,

दगड मीठवाल्याच्या गाडीत घातलाय, पेंढ्यात गुंडाळून. त्याच्याकडून उतरवून घेताना बघ, तो सगळं आपटतो.

लूमिस चिडले. म्हणाले, "तारीख दगडावर कोरता, ती जगाने वाचली तर चालते, आणि कोर्टाला सांगत नाही? हे कसलं वागणं?" मी म्हटलं, माझी बहीण तशीच आहे. ते म्हणाले, मुदत आहे अजून, विचार बदलला तर कळवा. मी मान हलवली. मला माहीत आहे तू बदलणार नाहीस. पण मला एकच सांग, हिवाळ्यात गाईंना काय घालणार?

डॉर्कस

*

हार्लो टेकडी, २ ऑगस्ट १७८८

डॉर्कस,

दगड बसला. मीठवाल्याने आपटला, एक कोपरा उडाला. तारीख शाबूत आहे. कोर्टाला वाचायची असेल तर टेकडी चढून येऊ दे.

गाईंचं विचारलंस. दोन विकायच्या ठरवल्या होत्या, गिऱ्हाईकही बघितलं होतं. मग थर्लोने कुरण कापलं. मी इकडच्या काठावरून बघत होते. एनॉससारखं कापत नाही, खुंट उंच सोडतो. वाळल्यावर एक गाडी भरून माझ्या दाराशी आणून उभी केली. बैल माझेच, त्याच्याकडे नेहमीसारखे दिलेले.

मी म्हटलं, "हे काय?"

"गवत."

"कुणाचं?"

"ते नका विचारू, बाई. त्याच्यावर तर सगळं झालं."

"मला नको. परत न्या."

"बैल तुमचे आहेत. तुम्हीच न्या."

बैल सोडून तो चालत गेला. मी गाडी ओढ्यापर्यंत नेली आणि पाण्याच्या मधोमध उभी करून बैल घेऊन आले. ना त्याच्या बाजूला, ना माझ्या. दुसऱ्या दिवशी तो काठावर येऊन बघून गेला. मीही बघून आले. कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून काळं भरून आलं. गवत चांगलं होतं, हिरवं वाळलेलं, वासाचं. मी बैल घेऊन खाली गेले. तोही पलीकडून पळत येत होता. दोघांनी मिळून ढकलली, चाकं रुतली होती. वर आणली, गोठ्यात घेतली, आणि पाऊस आला.

गोठ्यात बाकी सगळीकडे सामान आहे. फक्त तो उत्तरेचा कोपरा मी तसाच ठेवला होता. फळ्यांसुद्धा. तिथे काही ठेवायला हात जात नव्हता.

आता तिथे गवत आहे. गाई विकत नाही.

तुझी ताई